रिकाम्या रकान्यांचा अभ्यास

जीवसंख्याशास्त्रात, म्हणजे आरोग्यविषयक माहितीच्या संख्याशास्त्रात, पीएचडी करण्याचा निर्णय मी एका चुकीमुळे घेतला, आणि ती चूक माझी होती. संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन मी एका वैद्यकीय संशोधन गटात विश्लेषक म्हणून काम करत होते. कर्करोगाच्या रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून एक गोष्ट शोधायची होती : एका औषधाचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करणारे रुग्ण तो अर्धवट सोडणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात का? मी रुग्णांचे दोन गट पाडले, दोन्हींचे कॅप्लान-मायर आलेख, म्हणजे काळ जाईल तसे किती रुग्ण जिवंत राहिले ते दाखवणाऱ्या रेषा, काढले आणि त्या दोन रेषांची तुलना करणारी लॉग-रँक चाचणी लावली. दोन रेषांमध्ये ठसठशीत अंतर होते आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना केवळ योगायोगाने एवढे अंतर दिसण्याची शक्यता, इतकी लहान होती की तिच्याबद्दल कुणी काही विचारलेच नाही. डॉक्टर खूश होते. शोधनिबंधाच्या मसुद्याला सुरुवातही झाली होती. त्या दिवशीच्या बैठकीला आलेल्या एका ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ बाईंनी तो आलेख बराच वेळ न्याहाळला आणि शांतपणे विचारले, "जो रुग्ण दुसऱ्याच महिन्यात दगावला, तो तुम्ही कोणत्या गटात धरला आहे?"

अर्थातच तो 'कोर्स अर्धवट सोडणाऱ्यां'च्या गटात होता. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करायचा, तर आधी सहा महिने जगावे लागते. म्हणजे माझ्या पहिल्या गटातल्या प्रत्येकाला मी माझ्या व्याख्येनेच सहा महिन्यांचे आयुष्य बहाल केले होते, आणि लवकर झालेले सगळे मृत्यू दुसऱ्या गटाच्या खात्यावर टाकले होते. औषध साखरेच्या पाण्याइतके निरुपयोगी असते तरी माझा आलेख तसाच देखणा दिसला असता. या दोषाला 'इम्मॉर्टल टाइम बायस' म्हणतात, हे मला नंतर कळले. त्या दिवशी एवढेच कळले की माझे प्रत्येक सूत्र बरोबर होते, कोडमध्ये एकही चूक नव्हती, सॉफ्टवेअरने एकही इशारा दिला नव्हता, आणि तरीही निष्कर्ष साफ खोटा होता.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी मला 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट' या चाचणीवरचा १९८० सालचा एक शोधनिबंध वाचायला दिला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर क्लोफायब्रेट या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचा प्रयोग त्या चाचणीत झाला होता. सांगितलेल्या गोळ्यांपैकी किमान ८० टक्के गोळ्या नेमाने घेणाऱ्यांचे पाच वर्षांतले मृत्यूचे प्रमाण १५.० टक्के होते, तर त्याहून कमी घेणाऱ्यांचे २४.६ टक्के. इथेच थांबले तर औषध गुणकारी आहे असे कुणीही म्हणेल. परंतु संशोधकांनी तोच हिशोब प्लासिबोच्या, म्हणजे औषधी गुण नसलेल्या गोळ्यांच्या गटातही केला. तिथे नेमाने गोळ्या घेणाऱ्यांत १५.१ टक्के मृत्यू झाले आणि नेमाने न घेणाऱ्यांत २८.२ टक्के. ज्या गोळीत काहीच नव्हते, ती नेमाने घेणारेही जास्त जगले. नेमाने गोळी घेणारा माणूस मुळातच वेगळा असतो. कदाचित अधिक सशक्त, कदाचित घरच्यांचा आधार असलेला, कदाचित इतर पथ्ये पाळणारा. संशोधकांनी सुरुवातीला नोंदवलेली ४० वैशिष्ट्ये हिशोबात घेऊन पाहिली, तरी तो फरक पुसला गेला नाही. नोंदवलेल्या रकान्यांमध्ये नसलेले काहीतरी त्या माणसांमध्ये होते.

तो निबंध मी त्या आठवड्यात तीनदा वाचला. पदव्युत्तर अभ्यासक्रमाने मला हातात आलेल्या आकड्यांचे काय करायचे ते शिकवले होते; जे आकडे हातात आलेच नाहीत त्यांच्याबद्दल विचार कसा करायचा, हे मला येत नव्हते आणि ते स्वतःच्या जोरावर शिकता येईल असेही वाटेना. त्याच वर्षी मी डॉक्टरेटसाठी अर्ज केला.

या प्रशिक्षणाचे स्वरूप देशानुसार आणि विद्यापीठानुसार बदलते; कुठे तीन वर्षांत थेट प्रबंध लिहायचा असतो, तर कुठे आधी दोन वर्षे अभ्यासक्रम, मग पात्रता परीक्षा आणि मग संशोधन असा पाच-सहा वर्षांचा प्रवास असतो. माझा प्रवास दुसऱ्या प्रकारचा होता. पहिल्या वर्षी मापसिद्धान्तावर आधारलेली संभाव्यता, अनुमानाचा सिद्धान्त आणि रेषीय प्रतिमाने (मॉडेल्स) हे विषय होते. दुसऱ्या वर्षी एखादी घटना घडेपर्यंत किती काळ जातो हे अभ्यासणारे सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस, एकाच व्यक्तीच्या वारंवार घेतलेल्या मोजमापांचे विश्लेषण, कार्यकारणभावाचे अनुमान आणि आधीची माहिती नव्या आकड्यांशी जोडणाऱ्या बायेझियन पद्धती. रुग्णसेवेसाठी काही करावे म्हणून आलेल्या माझ्यासारखीला पहिले सहा महिने सिग्मा-बीजगणितात, म्हणजे संभाव्यतेच्या अमूर्त गणिती पायात, घालवणे फार जड गेले, आणि याचा रुग्णांशी संबंध काय, असा प्रश्न मी उघडपणे विचारलाही. आज मात्र त्या सहा महिन्यांबद्दल माझे मत अगदी निश्चित आहे. रुग्णाचा पाठपुरावा मधेच तुटला, तर त्या क्षणापर्यंत आपल्याला नेमके काय माहीत होते आणि काय नव्हते, हे काटेकोरपणे मांडण्यासाठी जी भाषा लागते ती तिथेच मिळते. ती नसेल तर माणूस दुसऱ्याने बनवलेली पद्धत वापरू शकतो, पण ती कुठे तुटते हे त्याला सांगता येत नाही.

सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसच्या वर्गात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. माझ्या त्या चुकीच्या आलेखाला ज्यांचे नाव होते, ते एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी खरे तर वेगवेगळे काम केले होते. मायर यांच्यासमोर कर्करोगाचे रुग्ण होते, तर कॅप्लान यांच्यासमोर समुद्राखालून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांमधल्या निर्वात नळ्या होत्या. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच नियतकालिकाकडे निबंध पाठवले, दोन्ही निबंध एकत्र करण्याची सूचना त्यांना झाली, आणि काही वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर १९५८ साली तो संयुक्त निबंध छापून आला. नळी असो वा माणूस, प्रश्न एकच होता : ज्याचा शेवट आपण पाहिलेला नाही, त्याच्याकडून आपण काय शिकू शकतो? त्याला टाकून द्यायचे नाही आणि त्याचा शेवट आपल्या मनाने ठरवूनही टाकायचा नाही. जोवर तो आपल्या नजरेसमोर होता तोवर तो जिवंत होता, एवढीच साक्ष त्याच्याकडून घ्यायची. ही रीत मला आजही सुंदर वाटते.

पात्रता परीक्षेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती कठीण होती, मी दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, आणि पहिल्या प्रयत्नातल्या अपयशाने माझ्या पुढच्या कामावर काहीही परिणाम झाला नाही. हे एवढ्यासाठी नोंदवते की त्या काळात मला ते कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

खरे शिक्षण सल्लाकक्षात झाले. आमच्या विभागात आठवड्यातून एकदा डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य संशोधक आपले प्रश्न घेऊन येत, आणि विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांच्या उपस्थितीत त्यांच्याशी बोलायचे असा नियम होता. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "यावर कोणती टेस्ट लावू?" सुरुवातीला मी लगेच उत्तर देत असे, आणि ते बहुधा तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असे. हळूहळू मी उलट विचारायला शिकले, "डॉक्टर, हा आकडा तुमच्या हातात आल्यावर पुढच्या रुग्णासाठी तुम्ही काय वेगळे कराल?" या प्रश्नाने संभाषणाचा रोख बदलून जाई. रक्तातल्या एका घटकाचे सरासरी प्रमाण दोन गटांत वेगळे आहे का, असे विचारत आलेल्या एका डॉक्टरांना प्रत्यक्षात कोणत्या रुग्णाला लवकर घरी सोडता येईल हे जाणून घ्यायचे होते. ते दोन अगदी निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर 'हो' असूनही दुसऱ्यासाठी तो घटक कुचकामी ठरू शकतो. त्या दिवशी मी कोणतीही टेस्ट लावली नाही, फक्त प्रश्न नव्याने लिहून दिला. माझ्या त्या वर्षीच्या कामातले ते मला सर्वांत मोलाचे वाटते.

प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझ्यासमोर जनुकीय माहितीचे मोठमोठे संच होते, प्रतिमांवर चालणारी यंत्रशिक्षणाची प्रतिमाने होती, आणि सगळ्यांची ओढ तिकडे होती. मी गळतीचा विषय घेतला, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासातून मधेच बाहेर पडणाऱ्या रुग्णांचा. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकदाच विचारले, "हा विषय जुना आहे, तुला चालेल?" मी म्हटले, "मॅडम, माझी चूक त्याच घरातली आहे."

या विषयाचा पाया संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ सालच्या निबंधात घातला. त्यातली मूळ कल्पना कुणालाही समजेल अशी आहे, म्हणून ती इथे सविस्तर सांगते. समजा, नैराश्यावरच्या एका औषधाची चाचणी चालू आहे आणि दर महिन्याला रुग्णांची प्रश्नावली भरून घेतली जाते. एका रुग्णाची चौथ्या महिन्याची जागा रिकामी आहे. ती का रिकामी आहे? पहिली शक्यता अशी की त्या दिवशीचे कागद कुठेतरी गहाळ झाले. रुग्णाच्या प्रकृतीशी त्याचा काही संबंध नाही. दुसरी अशी की तिसऱ्या महिन्यात त्याची स्थिती खालावलेली होती, तशी नोंदही आपल्याकडे आहे, आणि त्यामुळे निराश होऊन त्याने येणे थांबवले. तिसरी शक्यता सर्वांत अवघड : तिसऱ्या महिन्यात तो बरा होता, त्यानंतर अचानक ढासळला आणि त्या ढासळण्यामुळेच तो आला नाही, म्हणजे जो आकडा आपल्याला दिसला नाही, तोच आकडा न दिसण्याचे कारण आहे. पहिल्या प्रकारात उरलेल्या रुग्णांवरून काढलेला अंदाज ठीक असतो, फक्त त्याची अचूकता कमी होते. दुसऱ्या प्रकारात हातातल्या नोंदी नीट वापरल्या तर वाट निघते. या दुसऱ्या प्रकाराला 'मिसिंग अ‍ॅट रँडम' म्हणतात, आणि हे नाव फसवे आहे, कारण त्यात गळती मुळीच योगायोगाची नसते. ती दिसलेल्या नोंदींवरून समजावता येण्यासारखी असते, इतकेच. तिसऱ्या प्रकारात आकडे तुम्हाला वाचवू शकत नाहीत. आणि खरी मेख ही की तुमच्यासमोरची गळती दुसऱ्या प्रकारची आहे की तिसऱ्या, हे हातातल्या आकड्यांवरून ठरवताच येत नाही. त्यासाठी जे दिसले नाही तेच पाहावे लागेल.

हे मला पहिल्यांदा नीट समजले तेव्हा मी काही दिवस अस्वस्थ होते. एखादी पद्धत अजून सापडलेली नाही म्हणून वाट पाहावी, अशी ही अडचण नव्हती. तो माहितीच्या मर्यादेचा प्रश्न होता. मग संशोधकाने करायचे काय? एक मार्ग असा की आपले गृहीतक लपवून न ठेवता ते मुद्दाम थोडे थोडे बिघडवून पाहायचे. गळालेले रुग्ण आपण धरलेल्या अंदाजापेक्षा एका गुणाने वाईट असते तर निष्कर्ष टिकला असता का? दोन गुणांनी? पाच गुणांनी? निष्कर्ष जिथे उलटतो तो बिंदू शोधायचा आणि डॉक्टरांसमोर ठेवून विचारायचे, "इतके वाईट असणे तुम्हाला शक्य वाटते का?" इथे संख्याशास्त्र आपला निर्णय रुग्णांना ओळखणाऱ्या माणसाच्या हाती परत देते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

याउलट, अनेक वर्षे सर्रास वापरली गेलेली एक पद्धत म्हणजे रुग्णाची शेवटची नोंद तशीच पुढे ओढणे. ती सावध आणि निरुपद्रवी वाटते. पण स्मृतिभ्रंशासारख्या, कालांतराने वाढतच जाणाऱ्या आजाराचा विचार करा. औषधाच्या त्रासामुळे रुग्ण दुसऱ्याच महिन्यात बाहेर पडला, तर त्याची दुसऱ्या महिन्यातली, म्हणजे अजून बरी असतानाची स्थिती वर्षभर गोठवली जाते. जे औषध जास्त रुग्णांना लवकर पळवून लावते, तेच या हिशोबात अधिक चांगले दिसू शकते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१० सालच्या अहवालाने अशा सरधोपट भरणीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली, आणि त्याच अहवालाने आणखी महत्त्वाची गोष्ट सांगितली : विश्लेषणाच्या वेळी जागा भरत बसण्यापेक्षा ती रिकामी राहणार नाही याची काळजी चाचणी आखतानाच घ्या. माझ्या प्रबंधातली दोन प्रकरणे जागा भरण्याच्या पद्धतींवर आहेत, आणि तरीही मी म्हणेन की हे दुसरे वाक्य त्या दोन प्रकरणांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

पद्धत बरोबर चालते की नाही हे तपासण्यासाठी आम्ही सिम्युलेशन करतो. आधी संगणकावर असे एक जग उभे करायचे की ज्यातले सत्य आपल्याला ठाऊक आहे. मग ठरलेल्या नियमाने त्यातल्या नोंदी स्वतःच्या हाताने पुसायच्या. आणि आपली पद्धत ते सत्य परत मिळवते का हे हजारदा पाहायचे. यातही शिस्त लागते. ९५ टक्के विश्वासांतराने, म्हणजे सत्य ज्यात असावे अशा आकड्यांच्या पट्ट्याने, १००० पुनरावृत्त्यांपैकी सुमारे ९५० वेळा सत्याला कवेत घ्यायला हवे. पण या ९५ टक्क्यांच्या अंदाजालाच साधारण ०.७ टक्क्याची प्रमाण त्रुटी (योगायोगाने होणारा चढउतार) असते, म्हणून ९४.४ टक्के आले तर पद्धतीत दोष आहे असे म्हणता येत नाही. ती त्रुटी अर्ध्या टक्क्यावर आणायची तर १९०० पुनरावृत्त्या लागतात. पुनरावृत्त्यांची संख्या अशी हिशोबाने ठरवायची असते, हे मला मॅडमनी शिकवले. त्याआधी मी ती सवयीने १००० ठेवत असे.

तिसऱ्या वर्षातले जवळजवळ आठ महिने माझ्या पद्धतीचे विश्वासांतर सत्याला ९५ टक्क्यांपेक्षा बरेच कमी वेळा कवेत घेत होते आणि मला कारण सापडत नव्हते. मी कोड पुन्हा लिहिला, गणित पुन्हा तपासले, पुनरावृत्त्या वाढवल्या. रोज सकाळी रात्रभर चाललेल्या संगणकाचे निकाल उघडायचे आणि तोच तुटपुंजा आकडा पाहायचा, असे दिवस गेले. शेवटी कारण सापडले ते प्रतिमानांच्या विसंगतीत. अंतिम विश्लेषणात औषधाचा परिणाम वयानुसार बदलतो असे मी धरले होते, पण रिकाम्या जागा ज्या प्रतिमानावरून भरत होते त्यात हा बदल घेतलाच नव्हता. त्यामुळे भरलेल्या प्रत्येक आकड्याने तो परिणाम थोडा थोडा फिका केला होता. झिआओ-ली मेंग यांनी १९९४ सालच्या निबंधात अशा विसंगतीचा सविस्तर विचार केलेला आहे, आणि मी तो निबंध पहिल्याच वर्षी वाचलाही होता. वाचणे आणि स्वतःच्या कामात ओळखणे यांत जे अंतर असते, ते कापायला मला आठ महिने लागले. त्या काळात मॅडम दर आठवड्याला ठरलेल्या वेळी बसत, उत्तर सांगत नसत, आणि एकदाही घाई करत नसत. एकदा एवढेच म्हणाल्या, "जागा भरताना तू त्या रुग्णाबद्दल काय विसरतेस ते लिहून काढ." त्या यादीतच उत्तर होते.

ज्या अभ्यासाच्या नोंदी मी वापरत होते, त्यातून बाहेर पडलेल्या काही रुग्णांशी, नैतिक समितीची परवानगी घेऊन, क्षेत्रातल्या परिचारिकांनी पुन्हा संपर्क साधला आणि त्या संभाषणांना मी शेजारी बसून होते. एका बाईंनी सांगितले की तपासणीची वेळ त्यांच्या कामाच्या वेळेवर येऊ लागली. एका आजोबांना वाटले होते की ते बरे झाले, आता कशाला यायचे. एका घरात फोन मुलाने उचलला. रुग्ण चार महिन्यांपूर्वी वारले होते आणि आमच्या नोंदीत ते 'संपर्क तुटला' असे होते. माझ्या तक्त्यात या तिघांसाठी एकच खूण होती, एक टिंब. तीन टिंबांमागे कामाची वेळ, बरे वाटणे आणि मृत्यू अशी तीन कारणे होती, आणि मी त्या तिन्हींना एकाच सूत्रात बसवत आले होते. त्यानंतर मी प्रबंधाचे दुसरे प्रकरण जवळजवळ नव्याने लिहिले आणि गळतीची कारणे वेगवेगळी धरून मांडणी केली.

याच सुमारास औषधचाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही असाच विचार आला. ई-नाइन या मार्गदर्शक सूचनेला २०१९ साली जोडलेल्या पुरवणीत 'एस्टिमँड' ही संकल्पना मध्यवर्ती आहे : आपण नेमके काय मोजू पाहतो ते आधी लिहा, औषध बंद करणे, दुसरे औषध सुरू करणे किंवा मृत्यू अशी घटना मधे घडली तर ती कशी धरणार ते आधी ठरवा, पद्धत त्यानंतर निवडा. विशेषतः मृत्यूनंतरच्या मोजमापाची जागा 'हरवलेली' नसते. तिथे मोजण्यासारखे काही अस्तित्वातच नसते, आणि ती जागा भरणे म्हणजे मेलेल्या माणसाचा रक्तदाब कल्पनेने लिहिणे होय. हा भेद वाक्यात साधा वाटतो. त्याच्याकडे दुर्लक्ष केलेली विश्लेषणे मी अनेक पाहिली आहेत, आणि त्यांपैकी काही माझी स्वतःची जुनी आहेत.

अर्ज करू पाहणारे मला नेहमी विचारतात की वैद्यकीय शिक्षण नसताना हे काम जमते का. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना डॉक्टर व्हायचे होते, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना क्षयरोग झाला आणि पुढे त्यांनी पत्राद्वारे शिक्षण घेऊन अर्थशास्त्राची पदवी मिळवली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याच हिल यांनी आखली, आणि ती क्षयरोगावरचीच होती. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरवून बंद पाकिटांत ठेवलेले होते, म्हणजे दाखल करणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळू नये. १९४८ साली निकाल छापून आला : सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. डॉक्टरेट तरी अपरिहार्य आहे का, असे कुणी विचारले तर तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या वादात १९५९ साली निर्णायक युक्तिवाद करणारे संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड यांची पदवी इतिहासातली होती आणि त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. मात्र आज पद्धतींवर स्वतंत्र संशोधन करायचे असेल, चाचण्यांच्या आखणीची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यायची असेल, तर हे प्रशिक्षण सहसा लागतेच. तयार पद्धती काळजीपूर्वक वापरून चांगले विश्लेषण करायचे असेल तर पदव्युत्तर पदवी आणि चांगला ज्येष्ठ सहकारी पुरतो, आणि ते काम मुळीच कमी प्रतीचे नाही.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते. अनेक चलांचे कलनशास्त्र आणि रेषीय बीजगणित पक्के हवे. वास्तव विश्लेषणाचा एखादा अभ्यासक्रम आधी झालेला असेल तर पहिले वर्ष सुसह्य होते. आर किंवा पायथन यांपैकी एका भाषेत स्वतःचा कोड स्वतः लिहिता यायला हवा. रोगांची माहिती काम करता करता येते, परंतु डॉक्टरांचे बोलणे पूर्ण ऐकून घेण्याची सवय आधीपासून असलेली बरी. विषयापेक्षा मार्गदर्शक निवडण्यावर जास्त वेळ द्या : त्यांच्या सध्याच्या आणि आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला, आठवड्याला भेट होते का ते विचारा, काम अडले तेव्हा काय झाले ते आवर्जून विचारा. विद्यावेतन किती वर्षांचे आहे आणि ते कशावर अवलंबून आहे हे लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट कुठल्याही अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात सापडणार नाही : नकार देण्याचे शिक्षण. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इसिस-२ या हृदयविकाराच्या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि अ‍ॅस्पिरिनचा फायदा त्यात निर्विवाद दिसला. रुग्णांचे छोटे छोटे उपगट पाडून निकाल द्यावेत असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी जन्मतारखेवरून राशींनुसार गट पाडूनही निकाल छापला : मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक दिसत होते, बाकीच्यांत चांगलेच गुणकारी. पुरेसे तुकडे पाडले की कुठेतरी काहीतरी दिसतेच, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही. एखादे डॉक्टर निकाल लागल्यावर मोठ्या आशेने म्हणतात, "निदान साठीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये पाहून तरी घ्या," तेव्हा त्यांची आशा मला कळते. रुग्णासाठी काहीतरी हाती लागावे असे त्यांना मनापासून वाटत असते. मी तो निबंध त्यांच्यासमोर ठेवते आणि पुढच्या अभ्यासात हा प्रश्न आधीच लिहून ठेवण्याचा आग्रह धरते.

प्रबंध सादर करून आता काही काळ लोटला आहे. सध्या मी ज्या अभ्यासात काम करते, त्याच्या प्रपत्रात मी पहिल्याच बैठकीत एक रकाना वाढवायला लावला : 'अभ्यास सोडण्याचे कारण'. त्यात किती पर्याय असावेत यावर परिचारिका आणि मी एक संपूर्ण दुपार चर्चा केली. मला बारा हवे होते, त्यांचे म्हणणे होते की रुग्णासमोर उभे राहून बारा पर्याय वाचता येत नाहीत. आम्ही सहा ठेवले आणि सातवी ओळ मोकळी सोडली, रुग्ण जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहिण्यासाठी. आतापर्यंत बाहेर पडलेल्यांपैकी तिघांचा हा रकाना अजून कोरा आहे. त्या तिघांना उद्या सकाळी फोन करायचे ठरले आहे.